सिम कार्ड बसंना झालंय? साईज, अडॅप्टर, ४जी, ई-सिम आणि सीमाभागातलं रोमिंग: काउंटरवर रोज येणारे प्रश्न

बेळगावात खानापूर रोडला माझं मोबाईलचं छोटं दुकान आहे. रिचार्ज, कव्हर, ग्लास, थोडंफार रिपेअर. सिम कार्डावरनं दिवसातनं दहाबारा वेळा तेच तेच प्रश्न येतात, आणि समोर पाच गिऱ्हाईक उभे असताना प्रत्येकाला पहिल्यापासनं सांगत बसणं जमत नाही, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवलं. आता कुणी विचारलं की व्हॉट्सॲपवर टाकून मोकळा.

आधीच सांगतो, साईजचं टेन्शन कुणी घेऊ नका. साईजमुळं अडलेला माणूस पाच मिनटात सुटतो. जो खरा अडकतो त्याचा फोन आणि नेटवर्क यांचं जमत नसतं, नाहीतर कार्ड भलत्याच कुणाच्या तरी नावावर असतं. सगळ्यात जास्त वेळ त्यातच जातो, म्हणून त्याच्यावर जास्त लिहिलंय.

सिम कार्डाच्या साईज किती आहेत?

आमच्याकडं गिऱ्हाईक तीनच नावं घेतं: मोठं, मधलं आणि बारकं. मोठं म्हणजे मिनी, २५ बाय १५ मिलिमीटर. मधलं म्हणजे मायक्रो, १५ बाय १२. बारकं म्हणजे नॅनो, १२.३ बाय ८.८. आता एवढ्या मोठ्याला मिनी का म्हणतात असं सगळे विचारतात, तर त्याच्या आधी एक बाप होता, अख्ख्या एटीएम कार्डाएवढा, ८५.६ बाय ५४ मिलिमीटरचा. १९९१ मध्ये म्युनिकच्या गिझेके अँड डेव्हरिएंट कंपनीनं पहिली ३०० सिम कार्डं फिनलंडच्या रेडिओलिंजा कंपनीला दिली ती तसलीच होती, फोनमध्ये अख्खं कार्ड सरकवायचं. ते आपल्यातल्या कुणी वापरलेलं नाही, खरं त्याचा सांगाडा तुम्ही सगळ्यांनी बघितलाय. नवीन कार्ड घेतल्यावर ज्या मोठ्या प्लास्टिकमधनं ते मोडून काढता ना, तीच ती साईज.

मायक्रो गाजलं ते २०१० च्या आयफोन ४ मुळं आणि नॅनो आलं २०१२ ला आयफोन ५ बरोबर. नॅनोचा आकार कुणाचा घ्यायचा यावरनं त्या साली ॲपल आणि नोकियात चांगलीच जुंपली होती.

एक ध्यानात ठेवा, तिन्हीतली चिप तीच. कमी होत गेलं ते आजूबाजूचं प्लास्टिक. त्यामुळं बारक्या कार्डाला स्पीड कमी, मोठ्याला रेंज जास्त, असलं काही नसतं. कोण सांगत असला तर हसून सोडून द्या.

माझ्या फोनला कुठलं लागतंय कसं कळणार?

बाजूला ट्रे असेल, पिन टोचून निघणारा, तर जवळजवळ नक्की नॅनो. मागचं झाकण आणि बॅटरी काढून कार्ड घालायचं असेल तर कीपॅड फोनमध्ये बहुतेक मोठं आणि २०११ ते २०१५ च्या काळातला टच फोन असेल तर मधलं. घरात जुना फोन पडलाय आणि आज्जीला द्यायचाय अशा वेळी हीच गडबड होते, कारण आपलं कार्ड आधीच बारकं केलेलं असतं.

नवीन कार्ड आता तिन्ही साईजच्या खाचा पाडूनच येतं. तुम्हाला पाहिजे ती साईज मोडून घ्यायची आणि राहिलेली चौकट टाकू नका, पाकिटात ठेवा. मी हे प्रत्येकाला सांगतो आणि प्रत्येकजण ती चौकट माझ्या काउंटरवरच सोडून जातो.

मोठं कार्ड घरीच कात्रीनं कापलं तर चालतंय का?

चालतंय, आणि फुकटही जातंय. मोठ्याचं मधलं करायला अडचण नाही, दोघांची जाडी ०.७६ मिलिमीटरच. नॅनोला घोळ होतो कारण ते नुसतं लहान नाही, पातळसुद्धा आहे, ०.६७. म्हणजे नुसतं कापून ट्रेमध्ये ठेवलं तर दिसायला बसतं, आत ढकलताना घट्ट जातं आणि मग बाहेर येत नाही.

पूर्वी मी कटरनं दिवसाला कितीतरी कार्डं कापायचो. स्टेपलरसारखा कटर, कार्ड खाचेत नीट टेकवायचं, सोनेरी भाग मधोमध आला का बघायचं आणि एकदाच कचकन दाबायचं. दोनदा दाबलं की कड फुटते. मग कार्ड उलटं करून, सोनेरी बाजू बोटाकडं धरून, मागचं प्लास्टिक काचपेपरवर आठदहा वेळा हळू घासायचं, मधे मधे ट्रेवर ठेवून नखानं चाचपायचं, कड ट्रेच्या वर आली नाही म्हणजे झालं. जुन्या कार्डांवर सोनेरी पट्टा मोठा असायचा, तो नॅनो कापताना कडेला थोडा कापला जायचा आणि तरी कार्ड चालायचं, कारण खरी चिप मधोमध खाली असते. ती चिरली की मात्र देवसुद्धा वाचवू शकत नाही.

आता मी कापत नाही. कंपनीच्या दुकानात आधार घेऊन गेलं की त्याच नंबरचं नवीन कार्ड मिळतं, कशाला कात्री घ्यायची.

बारकं कार्ड मोठ्या फोनमध्ये घालायचं आहे, अडॅप्टर घेऊ का?

घ्या, खरं एक गोष्ट बघून. अडॅप्टर म्हणजे ती प्लास्टिकची रिकामी चौकट, तिच्या मधे कार्ड बसवायचं. बॅटरीखाली झाकणासारखा उघडणारा स्लॉट असेल तर काही अडचण नाही. ढकलायचा स्लॉट असेल तर सांभाळून, कारण कार्ड आत सुटतं आणि बाहेर नुसती चौकट येते, नाहीतर चौकटीची कड आतल्या पिनांत अडकते आणि ओढताना पिनाच उपटून निघतात.

हे मी माझ्याच फोनवर शिकलोय. रात्री दुकान बंद करताना घाईत कार्ड बदलायला गेलो, अडलं, म्हटलं थोडं जोर लावू. टक् असा बारीक आवाज आला. सहापैकी दोन पिना चौकटीला चिकटून बाहेर. दुसऱ्यांना रोज सांगणारा मी, आणि स्वतःचा फोन दुसऱ्या रिपेअरवाल्याकडं घेऊन गेलो, त्यानं पैसे घेतले ते घेतले वर चहा पिताना सगळ्यांना सांगितलं.

तरी अडॅप्टर लावायचाच असेल तर मागच्या बाजूनं पातळ सेलोटेपचा एक तुकडा लावा, कार्ड सुटत नाही. आणि रिकामा अडॅप्टर स्लॉटमध्ये कधीच घालू नका, जागा भरायला म्हणूनसुद्धा नको.

ट्रे काढायची पिन हरवली.

सगळ्यांचीच हरवते. कागदाची यू क्लिप सरळ करून वापरा. परवा वडगावच्या एक मावशी आल्या, मी पिन शोधतोय तोवर त्यांनी कानातलं काढलं आणि त्याच्या काडीनं ट्रे बाहेर. मी नुसता बघत राहिलो.

एवढंच बघा की भोक ट्रेवरचंच आहे. ट्रेच्या चौकटीत असलेलं भोक ते पिनेचं, आणि फोनच्या कडेला एकटंच असलेलं भोक माईकचं असू शकतं. माईकमध्ये सुई खुपसून आलेले फोन मी बघितलेत, त्यांचं पुढं समोरच्याला ऐकू जात नाही आणि शिव्या नेटवर्कला बसतात.

दोन सिम आणि मेमरी कार्ड तिन्ही बसेल का?

ट्रेवर तीन खण असतील तर बसेल. दोनच असतील आणि दुसऱ्यावर सिम आणि मेमरी कार्ड दोन्हीची चित्रं असतील तर तो हायब्रिड, दोन्हीतलं एकच घालायचं. मेमरी कार्डाची साईज १५ बाय ११ आणि मधल्या सिमची १५ बाय १२, म्हणून लोक जुन्या फोनमध्ये मेमरी कार्ड सिमच्या खणात कोंबतात. बसल्यासारखं वाटतं. निघत नाही.

कार्ड बरोबर बसलं, तरी नेटवर्क येत नाही. का?

हां, आता मुद्द्यावर आलो.

गेल्या महिन्यात राकसकोपकडचे एक आजोबा आले. नातवानं त्यांना जिओचं कार्ड काढून दिलेलं, आजोबांकडं जुना कीपॅड फोन. कार्ड बारकं, फोनला मोठं लागणार, म्हणून ते दोन दुकानं फिरून दोन अडॅप्टर घेऊन आलेले. "बाळ, ह्येतलं एक तरी बसंल असं कर की." बसवलं, बसलं पण. नेटवर्क शून्य. आजोबांची समजूत अशी की अडॅप्टर ढिला आहे. मी म्हटलं आजोबा, अडॅप्टर सोन्याचा केला तरी ह्या फोनला हे कार्ड दिसणार नाही.

कारण साधं आहे. जिओ ५ सप्टेंबर २०१६ ला सुरू झालं तेच ४जी वर. त्यांचं २जी, ३जी काही नाहीच. कॉलसुद्धा व्होल्टीवर जातो, म्हणजे इंटरनेटच्याच रस्त्यानं. जुना कीपॅड फोन फक्त २जी बोलतो. एकजण कन्नड बोलतोय, एक चिनी, मधे कितीबी चांगलं कार्ड ठेवा, काय होणार. आजोबांच्या फोनला एअरटेल किंवा व्हीआयचं कार्ड चालतं, कारण त्यांचं २जी अजून आहे. नाहीतर ४जीचा कीपॅड फोन घ्यायचा, तसले मिळतात. फक्त जिओफोन आणि जिओभारत घेताना माहीत असू द्या, त्यात जिओचंच कार्ड चालतं, दुसरं नाही.

उलटंही होतं. नवीन चकाचक फोन, आणि कार्ड ४जीच्या आधीचं. एअरटेलनं ३जी २०२० पर्यंत बंद करून टाकलं, त्यामुळं जुनं ३जी कार्ड असणाऱ्याला फोन लागतो आणि नेट मात्र २जी, म्हणजे नसल्यातच जमा. ह्याला साईजचा काही संबंध नाही, कार्डच ४जीचं करून घ्यावं लागतं, नंबर तोच राहतो.

बीएसएनएलवाल्यांनी तर हे आधी तपासा. जांबोटी, कणकुंबीकडचे आमचे गिऱ्हाईक तिकडं बीएसएनएलच धरतं म्हणून तेच ठेवतात. त्यांचं स्वदेशी ४जी २७ सप्टेंबर २०२५ ला देशभर सुरू झालं. जुनं २जी-३जीचं कार्ड असेल तर त्यावर ४जी येत नाही, कार्ड बदलून घ्या. आणि बदलूनही येत नसेल तर फोनचे बँड बघा, म्हणजे फोन कुठल्या कुठल्या लहरी पकडू शकतो ते. बीएसएनएल ४जीसाठी ७०० मेगाहर्ट्झ वापरतं, म्हणजे बँड २८, आणि जुन्या बऱ्याच ४जी फोनांना तो बँडच नसतो. फोनच्या डब्यावर किंवा कंपनीच्या माहितीत बँडची यादी असते, त्यात २८ आहे का एवढंच बघायचं. जिओला ३, ५ आणि ४० बघा.

५जी ला नवीन कार्ड लागतंय का?

जिओ आणि एअरटेलला नाही, ४जीचंच चालतं. फोन ५जी पाहिजे एवढंच. "५जी ला कार्ड अपग्रेड करतो, मागचा वीस आकडी नंबर सांगा आणि आलेला ओटीपी सांगा" असा कुणाचा फोन आला तर ठेवून द्या. कार्डाच्या मागं छापलेला तो ८९९१ नं सुरू होणारा नंबर आणि ओटीपी दोन्ही दिलं की तुमचा नंबर दुसऱ्याच्या कार्डावर जाऊ शकतो आणि मग बँकेचे ओटीपी त्याला. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी नंबरला फोन, सकाळची वाट बघू नका.

मुलानं दुबईहून, मेव्हण्यानं अमेरिकेतनं फोन पाठवलाय. आपलं कार्ड चालेल का?

पैसे द्यायच्या आधी किंवा तो विमानात बसायच्या आधी विचारलं असतं तर बरं झालं असतं, खरं असो.

पहिलं, ट्रे आहे का बघा. आयफोन १४ पासून, म्हणजे २०२२ पासून, अमेरिकेतल्या आयफोनला ट्रेच नाही, फक्त ई-सिम, म्हणजे फोनच्या आतच बसवलेलं सिम, त्याचं खाली सांगतो. आयफोन १७ पासून दुबई, सौदी, कतार, कुवेत, ओमान, बहरीनच्या मॉडेलचंही तसंच. इकडं विकल्या जाणाऱ्या आयफोन १७ ला ट्रे आहे, पण आयफोन एअरला नाही. निपाणीचा एक पोरगा फोन घेऊन आला, तिन्ही बाजू नखानं चाचपून बघितल्या त्यानं, म्हणाला ट्रे पेंटखाली गेला काय. ट्रे नसला तरी अडत नाही, जिओ, एअरटेल, व्हीआय तिघांचं ई-सिम मिळतं. चीनमधनं आलेल्या आयफोनचं बरोबर उलटं, दोन नॅनो बसतात आणि बहुतेकांना ई-सिम नसतं.

दुसरं, लॉक. अमेरिकेत फोन कंपनीच्या हप्त्यावर घेतलेला असेल तर तो त्याच कंपनीला बांधलेला असतो, आपलं कार्ड घातलं की सिम चालणार नाही असं दाखवतो. आयफोनमध्ये सेटिंग, जनरल, अबाऊट मध्ये खाली कॅरियर लॉक लिहिलेलं असतं, तिथं कुठलंच बंधन नाही असं दिसलं पाहिजे. लॉक असेल तर तो तिकडच्या कंपनीकडनंच सुटतो, हप्ते फिटल्यावर. बाजारात चिपपट्टी मिळते, कार्डाखाली ठेवायची, लॉक निघाला असं भासवते. मी विकत नाही. एक अपडेट आलं की बंद पडते आणि गिऱ्हाईक दारात.

ई-सिम म्हणजे नक्की काय, आणि घेऊ का?

फोनच्या बोर्डावरच चिकटवलेली चिप, ६ बाय ५ मिलिमीटर. कार्ड घालायचं नाही, कंपनी तुमचा नंबर त्या चिपवर पाठवते. फोनला आहे का बघायला *#०६# डायल करा, आयएमईआय नंबर दिसतात त्याच्याबरोबर ईआयडी म्हणून ३२ आकडी नंबर दिसला तर आहे.

घ्यायचं का, हे तुम्ही कुठं राहता त्यावर. बेळगावात राहणाऱ्यानं, दोन नंबर वापरणाऱ्यानं जरूर घ्यावं, ट्रेचा त्रास गेला, चोरानं फोन मारला तरी कार्ड काढून फेकता येत नाही. पण खानापूरच्या वरच्या बाजूला, पावसाळ्यात लाईट गेली की दोन दोन दिवस येत नाही, तिथली माणसं काय करतात? मोठ्या फोनची बॅटरी संपली की कार्ड काढतात आणि अडॅप्टर लावून कीपॅड फोनमध्ये घालतात, तो आठवडाभर चालतो. ई-सिम काढून कुठं घालणार? डिस्प्ले फुटला तरी तेच, दुसऱ्या फोनवर न्यायला कंपनीकडं परत सगळं करायला लागतं. त्यामुळं मी तिकडच्या लोकांना सरळ सांगतो, एक नंबर ई-सिम करा हवं तर, दुसरा प्लास्टिकचाच ठेवा.

आमचं गाव हद्दीवर आहे. नेट मधेच जातंय, वर आर दाखवतंय. कार्ड खराब झालं का?

नाही. तुमचा फोन महाराष्ट्रात गेलाय, तुम्ही घरीच आहात.

आपल्याकडचं टॉवरचं गणित वेगळं आहे. मोबाईल कंपन्यांना परवाने सर्कलप्रमाणं, म्हणजे देशाचे भाग पाडून दिलेले आहेत. बेळगाव जिल्हा कर्नाटक सर्कलमध्ये, आणि शिनोळीला चंदगड तालुका लागला की महाराष्ट्र आणि गोव्याचं एकत्र सर्कल. तुडये, शिनोळी, बेळगुंदी, उचगाव, तिकडं कोगनोळी, कागल ह्या पट्ट्यात एका शेतात उभं राहिलं की दोन राज्यांचे टॉवर. फोनला राज्य कळत नाही, ज्याची रेंज चांगली तो धरतो. आणि एकाच कंपनीचे असले तरी दोन्ही सर्कलचे नंबर वेगळे असतात. एअरटेलचं कर्नाटकातलं नेटवर्क ४०४ ४५ आणि महाराष्ट्रातलं ४०४ ९०. तुमचं कार्ड ४५ चं आणि टॉवर ९० चा, म्हणजे फोनच्या हिशोबानं तुम्ही पाहुणे, म्हणून तो रोमिंगचा आर.

पूर्वी ह्यानं लोकांची वाट लागायची. अंगणात बसून फोन उचलला तर रोमिंगचे पैसे कटायचे, महाराष्ट्रात आपलं स्वागत आहे असा मेसेज चुलीपुढं बसलेल्या माणसाला यायचा. काहीजण घरातल्या एका ठराविक खिडकीत उभं राहून बोलायचे, तिथं कर्नाटकाचा टॉवर धरायचा म्हणून. २०१७ च्या आसपास कंपन्यांनी देशातल्या रोमिंगचे पैसे काढले आणि तो ताप संपला.

राहिला तो नेटचा. तुमच्या फोनमध्ये डेटा रोमिंग बंद असेल तर आर आला की नेट बंद. सेटिंगमध्ये सिमच्या पानावर जाऊन डेटा रोमिंग चालू करून ठेवा, देशात त्याचे जादा पैसे नाहीत. फक्त परदेशात जाताना आठवणीनं बंद करा. आणि फोन सारखा ह्या टॉवरवरनं त्या टॉवरवर उड्या मारत असेल, बॅटरी खात असेल, तर नेटवर्क आपोआप निवडा हे बंद करून हातानं आपल्या सर्कलचं निवडा. बेळगावात आल्यावर परत आपोआपवर ठेवायला विसरू नका, विसरलेले लोक दुसऱ्या जिल्ह्यात गेले की फोन बंद पडला म्हणून माझ्याकडं येतात.

कोल्हापूरचं कार्ड आहे, आता बेळगावात राहतोय. बदलायला लागंल का?

वापरायला काही लागत नाही, आयुष्यभर वापरा. अडचण येते कार्ड हरवलं, तुटलं, किंवा साईज बदलायची असली की. इथल्या दुकानात गेल्यावर दुसऱ्या सर्कलचं कोरं कार्ड आमच्याकडं नाही, तिकडं जा, असं उत्तर माझ्या गिऱ्हाइकांना मिळालेलं आहे. म्हणून जायच्या आधी फोन करून विचारा. कोल्हापूरला शिकायला असलेली पोरं सुट्टीला घरी येताना कार्ड हरवतात, त्यांना मी म्हणतो परत जाताना काढून घ्या, इथं फिरत बसू नका.

कायमचं इकडंच राहायचं असेल तर सर्कल बदलून पोर्ट करता येतं, म्हणजे कंपनी बदलते, नंबर तोच. ३ जुलै २०१५ पासून देशभर ही सोय आहे. इंग्रजीत पोर्ट लिहून एक जागा सोडून आपला नंबर, आणि १९०० ला मेसेज. आठ अक्षरांचा कोड येतो, चार दिवस चालतो, तो घेऊन आधार कार्डासकट नव्या कंपनीत. त्याच सर्कलमध्ये असेल तर तीन कामाचे दिवस, दुसऱ्या सर्कलमध्ये पाच. आणि घेतलेल्या नंबरला नव्वद दिवस झाले नसतील तर होत नाही.

नवीन कार्ड घातलं आणि बँकेचा ओटीपी येईना.

थांबा एक दिवस. कार्ड बदललं की पहिले २४ तास मेसेज येत नाहीत आणि जातही नाहीत, हा मुद्दाम केलेला नियम आहे, कुणी चोरून तुमचं कार्ड काढलं तर लगेच ओटीपी मिळू नयेत म्हणून. त्यामुळं फी भरायची, गॅस बुक करायचा, फॉर्मची शेवटची तारीख, असल्या दिवशी साईज बदलायला येऊ नका. १ जुलै २०२४ पासून आणखी एक, कार्ड बदलल्यावर सात दिवस पोर्टचा कोड मिळत नाही.

कार्ड माझ्या नावावर नाही, तरी बदलून मिळेल?

ह्या प्रश्नाला माझ्याकडं गोड उत्तर नाही. कार्ड ज्याच्या नावावर, तोच माणूस पाहिजे, त्याचं आधार पाहिजे. साईज बदलायची असली तरी.

आपल्याकडं काय झालंय, जेव्हा कार्डं फुकट मिळत होती तेव्हा कुणी कुणाच्याही कागदावर काढली. शेजाऱ्याच्या, भाच्याच्या, दुकानदाराच्या सुद्धा. दहा वर्षं चाललं, आता कार्ड फुटलं आणि तो भाचा पुण्यात, बोलत नाही. अनगोळच्या एक काकू आल्या होत्या, कार्ड त्यांच्या मिस्टरांच्या नावावर, ते वारून दोन वर्षं झाली. बँक, गॅस, पेन्शन सगळं त्याच नंबरवर. काकूंना वाटलं बारकं कार्ड पाहिजे एवढंच काम आहे, "एवढं कापून द्या की." जुनं कार्ड चालू होतं म्हणून बरं. मी ते कापलं नाही, अडॅप्टर लावून जपून ठेवायला सांगितलं, आणि मृत्यूचा दाखला घेऊन आधी कंपनीत जाऊन नंबर स्वतःच्या नावावर करून घ्यायला लावला. तीन चकरा झाल्या त्यांच्या. मग कार्ड बदललं.

आपल्या नावावर किती नंबर आहेत ते सरकारच्या संचार साथी साईटवर बघता येतं. कर्नाटक, महाराष्ट्रात एका माणसाला नऊपर्यंत चालतात. बघितल्यावर दोनतीन अनोळखी नंबर निघाले तर तिथंच हा माझा नाही म्हणून कळवता येतं. निघतात, बऱ्याच जणांचे निघतात.

कार्ड बदललं तर नंबर सेव्ह केलेले जातील का?

सिमवर सेव्ह असतील तर जातील. जुन्या लोकांचे असतात, साधारण अडीचशे मावतात. कार्ड देण्याआधी फोनमध्ये कॉपी करून घ्या.

पीयूके मागतंय.

सिमचा पिन, म्हणजे कार्डाचा गुप्त आकडा, तीनदा चुकलाय. पीयूके म्हणजे ते कुलूप उघडायचा आकडा, आठ आकडी असतो, कंपनीकडनं घ्या, अंदाजानं टाकू नका. दहा वेळा चुकला की कार्ड कायमचं मेलं.

ट्रॅक्टरच्या जीपीएसला, शेतातल्या कॅमेऱ्याला कुठलं कार्ड?

वस्तूच्या मागं लिहिलेलं असतं, कॅमेऱ्याला बहुतेक नॅनो किंवा मायक्रो. तिथं अडॅप्टर नको, ट्रॅक्टरच्या हादऱ्यानं सुटतो. स्वस्तातले जीपीएस २जीवर चालतात, त्यात जिओ घालून आणू नका, आजोबांसारखं होईल. आणि कंपनीनं आतच कार्ड घालून दिलेलं असेल, १३ आकडी नंबरचं, तर ते मशीनचं कार्ड आहे, काढून फोनमध्ये घालून बघायचा मोह आवरा.

दुकान रविवारी उघडं असतंय का?

दीडपर्यंत. येताना आधार आणा, जुनं कार्ड आणा, आणि कार्ड ज्याच्या नावावर आहे त्या माणसालाही घेऊन या.